‘नाही’ असं कुणीच म्हटलं नाही: कोकणातल्या एका साकवाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोकणातल्या एका तालुक्यातलं आहे, गावाचं नाव, तालुक्याचं नाव, अधिकाऱ्यांची नावं यातलं काहीच देत नाहीये, कारण वाडीतल्या लोकांना अजूनही दाखल्यासाठी, घरकुलासाठी, सातबाऱ्यासाठी त्याच ऑफिसांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. वाडीच्या वतीने अर्ज लिहिणाऱ्यांमध्ये मी होतो, त्यामुळे बहुतेक कागद स्वतः वाचलेत.

वाडी पन्नासेक घरांची, त्यातली बरीचशी घरं गणपतीला आणि शिमग्यालाच उघडतात, माणसं मुंबईला. वर्षभर राहतात ते म्हातारी माणसं, काही बायका आणि शाळेतली पोरं. वाडी आणि गाव यांच्या मधे वहाळ, म्हणजे ओढा, त्यावर जुना साकव, म्हणजे छोटा पूल. दोन्ही काठांवर दगडी बांध, मधे एक खांब, वर काँक्रीटचा स्लॅब, माणूस आणि फारतर बाइक जाईल इतकी रुंदी. शाळा, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, एसटीचा थांबा सगळं पलीकडे. उन्हाळ्यात वहाळ कोरडा पडतो, लोक पात्रातूनच जातात. जून ते सप्टेंबर मात्र साकव नसेल तर डोंगराच्या कडेने मोठा वळसा, आणि त्या वाटेवर दरडीची भीती.

तर या साकवाच्या मधल्या खांबाखालची माती आणि दगड पाण्याने ओढून नेले होते. पाणी ओसरल्यावर खाली उतरून बघितलं की खांबाच्या एका कोपऱ्याखाली अख्खा हात आत जायचा. स्लॅबच्या खालचं काँक्रीट सुटून सळया उघड्या पडलेल्या, गंजून फुगलेल्या, एका बाजूचं रेलिंग आधीच वाहून गेलेलं. हे समजायला इंजिनियर लागत नाही, वाडीतल्या बायका पोरांना सांगायच्या की साकवावर एकेकटे जा, घोळक्याने जाऊ नका.

अडचण नेमकी काय होती

साकव मोडका आहे ही अडचण होतीच, पण खरी अडचण वेगळी निघाली आणि ती कळायला दोन पावसाळे गेले.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव झाला, साकव धोकादायक आहे, दुरुस्ती किंवा नवीन बांधकाम व्हावं. ग्रामपंचायतीने तो ठराव जोडून पंचायत समितीला पत्र दिलं. गटविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसातून ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे गेलं. उपविभागाने विचारलं की हा रस्ता कुठल्या क्रमांकाचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकामकडे, आणि साकवावरून जाणारी ही पायवाट कुठल्याच यादीत नव्हती. मग पत्र सार्वजनिक बांधकामकडे, तिथून ‘हा रस्ता या विभागाच्या अखत्यारीत नाही’ म्हणून परत, मग तहसीलदारांकडे, तिथून पुन्हा गटविकास अधिकाऱ्यांकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’. शेवटी ग्रामपंचायतीला पत्र आलं की ग्रामनिधीतून करता येईल का ते तपासावं. ज्या ग्रामपंचायतीला दिवाबत्तीचं बिल भरताना नाकी नऊ येतात तिला हे विचारलं गेलं.

आता यात नीट बघा. एकाही ऑफिसाने ‘आम्ही हे काम करणार नाही’ असं लिहून दिलं नाही. तसं लिहिलं असतं तर वाडीला काहीतरी हातात आलं असतं, त्या कागदावर अपील करता आलं असतं, कोर्टात जाता आलं असतं, निदान पेपरात छापता आलं असतं की अमुक साहेबांनी नकार दिला. इथे प्रत्येकाने आपल्यापुरतं काम केलं, पत्र पुढे पाठवलं, आणि सगळ्यांच्या जावक रजिस्टरला नोंद आहे. कागदोपत्री कुणीच निष्क्रिय नाही, सगळे कार्यवाहीतच आहेत आणि साकव तसाच. निर्णयच घेतला नाही तर चूक कुणाची म्हणायची, ही या प्रकरणातली खरी गाठ आहे.

माझं सगळ्या अधिकाऱ्यांना सरसकट नावं ठेवायचं मन नाही. एका शाखा अभियंत्याकडे ढीगभर गावं असतात, पदं रिकामी असतात, निधी मार्चमध्ये येतो आणि मार्चमध्येच संपवायचा असतो. आणि एक गोष्ट तिथे काम करणाऱ्या माणसानेच समजावून सांगितली, की काम केलं तर ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, निघू शकतो, मोजमापात चूक निघू शकते, वसुली लागू शकते, काम केलं नाही तर मात्र काहीच निघत नाही. माणूस वाईट नसला तरी अशा ठिकाणी तो सही टाळायलाच शिकतो.

समोर कोणते मार्ग होते

दुसऱ्या पावसाळ्यानंतर वाडीची बैठक झाली, वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचे लोकही आले होते, आणि तिथे बरीच गरमागरमी झाली.

तरुण पोरांचं म्हणणं होतं २६ जानेवारीला तहसीलसमोर उपोषण. याचा फायदा असा की झेंडावंदनाच्या दिवशी कुणाला तमाशा नको असतो, आदल्या दिवशी साहेब बोलावतात आणि लेखी आश्वासन देतात. पण त्या आश्वासनात काय असतं हे बाजूच्या गावाने बघितलं होतं, ‘निधी उपलब्ध होताच काम प्राधान्याने घेण्यात येईल’. निधी कधी उपलब्ध होणार ते कुणीच लिहीत नाही.

दुसरा मार्ग आमदारांचा. स्थानिक विकास निधीतून साकव बसला असता कदाचित. वाडीतल्या वडीलधाऱ्यांचा कल याच्याकडे होता, एक तात्या म्हणाले, आपल्याला साकवाशी मतलब, भांडणाशी नाही. त्यांचं चूक नव्हतं. पण निवडणूक तोंडावर नव्हती, आणि पन्नास घरांची वाडी मतांच्या हिशोबात खालीच राहते.

तिसरा मार्ग हायकोर्टात जनहित याचिका. वकील, पैसे, मुंबईच्या फेऱ्या, आणि कोर्ट पहिल्याच तारखेला विचारणार की तुम्ही संबंधित अधिकाऱ्याकडे रीतसर मागणी केली का आणि त्यांनी काय उत्तर दिलं. संबंधित अधिकारी कोण हेच ठरलं नव्हतं.

चौथा मार्ग कागदाचा. आधी माहिती अधिकारात फाइल उघडायची, कुणाच्या टेबलावर किती दिवस होती ते काढायचं, आणि मग २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदा लावायचा. बदल्यांचा कायदा म्हणून लोक त्याला ओळखतात, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात विलंबाची तरतूद आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे हा कायदा आला, १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १० मध्ये म्हटलंय की कुठलीही फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे पडून राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत. मुद्दाम किंवा हलगर्जीपणाने उशीर केला तर ती कर्तव्यातली कसूर धरायची आणि शिस्तभंगाची कारवाई करायची, असं सरळ लिहिलेलं आहे.

बैठकीत चौथ्या मार्गावर एकमत झालं असं म्हणता येणार नाही. ‘उद्या त्याच साहेबाकडे जायचंय’ ही भीती खरी होती. एका मावशीने तोंडावर विचारलं, माझ्या घरकुलाचा हप्ता अडकवला तर तू देणार का. शेवटी ठरलं ते असं की अर्जावर वाडीत राहणाऱ्या कुणाचंही नाव घालायचं नाही, मुंबईत राहणाऱ्या एका निवृत्त माणसाने अर्जदार व्हायचं. हा निर्णय पुढे फार कामी आला.

काय केलं

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यामुळे प्रश्न मोजून मापून घालावे लागले. ‘साकव का केला नाही’ असं विचारलं तर उत्तर येतं की ‘का’ ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून विचारलं ते एवढंच: अमुक तारखेच्या पत्रावर झालेल्या टिपणीच्या प्रती, ते पत्र रोज कुठल्या टेबलावर होतं त्याची नोंद, त्या टेबलावरच्या अधिकाऱ्याचं पदनाम, आणि पावसाळ्यापूर्वी तालुक्याने पाठवलेल्या धोकादायक पूल-साकवांच्या यादीची प्रत.

३० दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं. इथे एक अडचण अशी असते की अपील ऐकणारा अधिकारी बऱ्याचदा तोच असतो ज्याच्या टेबलावर फाइल अडकलेली आहे. पण तोपर्यंत जुने उपअभियंता बदलून गेले होते आणि नवीन साहेबांना लपवायसारखं काही नव्हतं. त्यांनी सुनावणीत फाइलच समोर ठेवली आणि म्हणाले बघून घ्या, लागतील त्या पानांवर खुणा करा.

त्या फाइलमध्ये दोन कागद सापडले आणि सगळं प्रकरण फिरलं.

पहिला कागद शाखा अभियंत्याची स्थळपाहणीची टिपणी. पहिल्या पावसाळ्यानंतरच हा माणूस येऊन गेला होता, वाडीत कुणाला फारसं माहीतही नव्हतं. त्याने स्वच्छ लिहिलं होतं की मधल्या खांबाचा पाया उघडा पडलाय, साकव वापरास धोकादायक आहे, वापर बंद करून पर्यायी व्यवस्था करावी, सोबत दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडलंय. म्हणजे खालच्या पातळीवरच्या माणसाने त्याचं काम चोख केलं होतं. त्या टिपणीच्या मार्जिनमध्ये वरच्या साहेबांनी पेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले: ‘चर्चा करावी’. खाली तारीख नाही, पूर्ण सही नाही, नुसतं वळणदार आद्याक्षर. पुढचं पान कोरं. ती चर्चा झाली की नाही, झाली तर काय ठरलं, याची कुठेही नोंद नाही, आणि फाइल जवळपास वर्षभर तिथेच.

दुसरा कागद त्यानंतरच्या मे महिन्यातला. दरवर्षी मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, तिच्यासाठी प्रत्येक ऑफिस तक्ता भरून पाठवतं, दरडप्रवण गावं, पूररेषेतली गावं, धोकादायक पूल, धोकादायक साकव. या तक्त्यात आमच्या गावासमोर ‘धोकादायक साकव’ या रकान्यात लिहिलं होतं: निरंक. ज्या ऑफिसाच्या फाइलमध्ये साकव धोकादायक असल्याची टिपणी पडून होती त्याच ऑफिसाने वर कळवलं की आमच्याकडे धोकादायक साकव नाही.

हे दोन कागद हातात आल्यावर पुढे काय करायचं यावर पुन्हा वाद झाला. पोरांना लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे होते, एक पत्रकार तयारच होता. मुंबईचे अर्जदार म्हणाले थांबा, बातमी आली की सगळे सावध होतात, आधी हे कागद अशा ठिकाणी पोच घेऊन द्या जिथे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही. त्यांचं ऐकलं, आणि ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

दोन अर्ज गेले. एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे, विलंबाच्या कायद्याचं कलम १० घालून. हा कायदा राज्य सेवेतल्या माणसांना लागतो, आणि उपअभियंता जिल्हा परिषदेत बसत असला तरी राज्य सेवेतला अधिकारी असतो, म्हणून तेच कलम घातलं. दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पण जिल्हाधिकारी म्हणून नाही, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात धोका टाळण्यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी या प्राधिकरणावर आहे, आणि कलम ५६ मध्ये नेमून दिलेलं कर्तव्य करायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षाही आहे. दोन्ही अर्जांना टिपणी आणि निरंकचा तक्ता शेजारी शेजारी जोडला.

काही आठवड्यांनी साकवाच्या दोन्ही टोकांना पत्र्याचा बोर्ड लागला. ‘हा साकव धोकादायक आहे. वापर केल्यास व दुर्घटना घडल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही.’ एवढंच. पर्यायी वाट नाही, लोखंडी तात्पुरता पूल नाही, शाळेच्या पोरांसाठी काही सोय नाही. दोन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर सरकारने वाडीसाठी केलेलं पहिलं काम म्हणजे स्वतःची जबाबदारी झटकणारा बोर्ड. मला याचा अजून राग येतो. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडून चार जण गेले, तिथेही पूल धोकादायक असल्याची सूचना आधीपासून होती. बोर्ड वाचून माणूस थांबत नाही जर त्याला जायला दुसरी वाटच दिलेली नसेल.

तरीही उपसरपंच बाईंनी एक काम फार हुशारीने केलं. बोर्ड लागला त्याच दिवशी बोर्डाजवळ उभं राहून, त्या दिवशीचा पेपर हातात धरून फोटो काढून ठेवला. साकव धोकादायक आहे हे ऑफिसला माहीत होतं याचा तो पुरावा ऑफिसनेच रंगवून दिला होता.

पंचनाम्याचा दिवस

त्याच जुलैमध्ये एका पहाटे साकवाचा मधला भाग खाली बसला. खांब कलला आणि स्लॅबचा एक तुकडा वहाळात. साकवावर कुणी नव्हतं. तासाभराने शाळेची पोरं तिथूनच जाणार होती.

त्या दिवशी सगळे आले. तहसीलदार, गटविकास अधिकारी, उपअभियंता, तलाठी, पोलीस पाटील. दोन वर्षं ज्या साकवाचा मालक सापडत नव्हता त्याच्या काठावर सगळे विभाग एकाच वेळी उभे. तलाठ्याने पंचनामा लिहायला घेतला आणि वाडीतल्या दोघांना पंच म्हणून सही करायला बोलावलं. त्यातले एक निवृत्त एसटी कंडक्टर, आयुष्यभर वेबिल लिहिलेला माणूस, सही करायच्या आधी वाचायची सवय. त्यांनी वाचलं तर पहिल्याच ओळीत होतं, ‘काल रात्री झालेल्या अतिवृष्टीमुळे सदर साकव क्षतिग्रस्त झाला’.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हा. कारण ती ओळ तशीच राहिली असती तर साकव पावसाने पाडला असता. मग टिपणी, चर्चा करावी, निरंक, सगळं निरर्थक. नैसर्गिक आपत्तीला जबाबदार अधिकारी नसतो.

कंडक्टर अण्णा म्हणाले, साहेब, अतिवृष्टी किती मिलिमीटरला धरतात? महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हे शेतीच्या नुकसानभरपाईमुळे कोकणात पोराटोरालाही माहीत असतं. एका पोराने तिथेच मोबाइलवर कृषी विभागाचे मंडळनिहाय आकडे उघडले. आदल्या दिवशीचा पाऊस ६५ च्या बराच खाली होता. अण्णा म्हणाले, मी सही करतो, पण अतिवृष्टी काढा, आणि लिहा की साकव धोकादायक असल्याबद्दल आधी अर्ज दिलेले होते, त्यांच्या तारखा ह्या. तलाठी बिचारा तरुण पोरगा, त्याने तहसीलदारांकडे बघितलं. बरीच कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, अहो, आपत्तीत दाखवलं तर निधी लवकर मिळतो, तुमच्याच भल्याचं आहे.

आणि हे खोटं नव्हतं, म्हणूनच निर्णय अवघड होता. आपत्तीच्या नावाखाली पैसा खरंच लवकर सुटतो. पावसाळा अर्धा बाकी होता, पोरांची शाळा बुडत होती. अण्णा आणि उपसरपंच बाई बाजूला जाऊन दोन मिनिटं बोलले आणि येऊन म्हणाले, पावसात पडला एवढं लिहा, अतिवृष्टीमुळे पडला लिहू नका, आणि तारखा लिहा. शेवटी पंचनाम्यात ‘पावसाळी प्रवाहामुळे व पायाची झीज झालेली असल्याने’ असं आलं आणि खाली पंचांचं म्हणणं म्हणून अर्जांच्या तारखा आल्या.

शेवटी काय झालं

साकवाच्या बाबतीत वेगाने झालं. आठवडाभरात तात्पुरता लोखंडी पादचारी पूल, पुढच्या काही महिन्यांत जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून नवीन साकवाला प्रशासकीय मान्यता, पुढच्या उन्हाळ्यात काम. ज्या वाटेला दोन वर्षं क्रमांक नव्हता तिला ग्रामीण मार्गाचा क्रमांक द्यायचा प्रस्तावही गेला. करायचं ठरवलं की होतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्या आणि त्यातली माणसं गेली, त्यानंतर वर्षाच्या आत तिथे नवा पूल उभा राहिला. तोच वेग माणसं मरायच्या आधी का लागत नाही याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

जबाबदारीच्या बाबतीत मात्र काम अर्धवट राहिलं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडच्या अर्जावर जुन्या उपअभियंत्यांना कारणे दाखवा नोटीस गेली एवढं कळलं. पुढे काय झालं विचारल्यावर उत्तर आलं की सदर बाब वैयक्तिक माहितीत मोडते. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटलं होतं की कर्मचाऱ्याला दिलेली नोटीस, ठपका, शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती आहे आणि मोठं जनहित दाखवल्याशिवाय देता येणार नाही, तेव्हापासून प्रत्येक ऑफिस ही ढाल पुढे करतं. निरंकचा तक्ता कुणी भरला याचं उत्तर ‘तालुक्यांकडून प्राप्त माहितीच्या आधारे’ इतकंच आलं.

शाखा अभियंत्याची, ज्याने खरं लिहिलं होतं त्याची, मधल्या काळात दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. त्याचा या प्रकरणाशी संबंध असेलच असं म्हणत नाही, तीन वर्षं झाली की बदली होतेच. पण त्याच्या टिपणीसाठी त्याला कुणी शाबासकी दिल्याचा एकही कागद फाइलमध्ये नाही, आणि मला हे नोटिशीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

माहिती अधिकाराचा अर्ज दोन पावसाळ्यांनी गेला, तो पहिल्या पावसाळ्यानंतर लगेचच जायला हवा होता. टिपणी तेव्हा नुकतीच टेबलावर आली असती, साहेबही तेच असते, आणि ‘चर्चा करावी’ लिहिलेल्या पानावर बाहेरच्या माणसाची नजर आहे एवढं कळलं असतं तरी फाइल हलली असती.

ग्रामपंचायतीची सुरुवातीची पत्रं एकाच वेळी सगळ्यांना जायची, खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून मुख्यमंत्री, पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी अशी मोठी यादी. त्यामुळे वजन वाढतं असं वाटतं पण प्रत्यक्षात प्रत्येक ऑफिस बाकीच्यांकडे बघत बसतं. एकच पत्र, एकाच पदावरच्या माणसाला, आणि त्यात एकच ठोस मागणी, ‘हा साकव आपल्या अखत्यारीत आहे की नाही ते लेखी कळवा’, असं गेलं असतं तर होकार किंवा नकार, काहीतरी कागदावर आलं असतं.

एक रस्ता तर वापरलाच गेला नाही, प्रांत अधिकाऱ्यांकडे उपविभागीय दंडाधिकारी म्हणून जाण्याचा. पडायला आलेलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना धोका असलेलं बांधकाम दुरुस्त करा किंवा काढा असा आदेश त्यांना देता येतो, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांसाठी हेच कलम आपल्या नगरपालिकेवर लावलं होतं, नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत, आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, कर्तव्य ते कर्तव्य. वकिलाशिवायही हा अर्ज देता येतो. साकव कुणाचा हा प्रश्न तिथे सगळ्या विभागांना एकाच खोलीत बसवून सुटला असता.

आणि नवीन साकवाला मान्यता मिळाल्यावर वाडीत जी फूट पडली ती टाळता आली असती. ‘काम झालं ना, आता कशाला ताणताय’ हे ऑफिसातून आलं तसं वाडीतूनही आलं. तात्यांसारख्यांना खरोखरच वाटत होतं की आता साहेबांना त्रास देणं कृतघ्नपणाचं आहे. सुरुवातीच्या बैठकीतच दोन मागण्या वेगळ्या काढून दोन ठराव घ्यायला हवे होते, एक साकवाचा आणि एक चौकशीचा, म्हणजे पहिली पूर्ण झाली म्हणून दुसरी आपोआप संपली नसती. शेवटी चौकशीच्या मागणीवर अर्जदार आणि तीनचार जणच उरले.

कारवाईचं काय झालं यावरचं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दाखल आहे, तारीख अजून लागलेली नाही. त्यात मुद्दा हाच मांडलाय की नोटीस कुणाच्या घरगुती वागण्याबद्दल नाहीये, पोरांच्या शाळेच्या वाटेवरचा धोका कागदावर येऊनही तो वरच्या तक्त्यात निरंक कसा झाला याबद्दल आहे, आणि यापेक्षा मोठं जनहित कुठलं ते आयोगाने सांगावं. यंदाच्या मान्सूनपूर्व तक्त्याची प्रत मात्र उपसरपंच बाईंनी मे महिना उजाडायच्या आधीच अर्ज टाकून मागवली, आणि वहाळाच्या वरच्या अंगाला दुसऱ्या वाडीचा जो साकव आहे तो त्यात आहे की नाही ते त्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहेत.